कोंबड्या झाकल्या का?

गेल्या हनुक्काच्या मेळाव्यात आमच्या लोदच्या जुन्या मैत्रिणी भेटल्या. कोण क्रूझवर जाऊन आली होती, कोण भारतात जाऊन अलिबाग, नवगाव बघून आली होती. मला विचारलं, "तू कुठं गेलीस?" मी म्हटलं, "मी कुठं जाणार? संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या असतात." सगळ्या हसल्या. पण नंतर दोघीतिघींनी बाजूला घेऊन विचारलं की अंगणात कोंबड्या ठेवायच्या तर कोल्ह्याचं काय करतेस? एकीच्या मुलाकडे एका रात्रीत अकरा गेल्या होत्या. तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. त्यात माझी एक चूकही आहे, ती लपवत नाही.

मी चव्वेचाळीस वर्षं लोदमध्ये राहिले, तीही तिसऱ्या मजल्यावर. आधी हॉस्पिटलात, मग कुपत खोलीमच्या दवाखान्यात नर्सची नोकरी केली. २०१६ साली आमचे 'हे' गेले, आणि २०१९ साली मुलगी मला आपल्या मोशावात घेऊन आली. घरामागे दोन खोल्या आहेत, त्या माझ्या. मोशाव बेत शेमेशच्या बाजूला, सोरेकच्या खोऱ्याजवळ आहे. लोदहून गाडीने अर्धा पाऊण तास लागतो. रामला सोडलं की ४४ नंबरचा रस्ता द्राक्षमळे आणि गव्हाच्या शेतांतून जातो आणि शिमशोन चौकात संपतो. शिमशोन म्हणजे आपला शास्त्रातला बलवान शिमशोन. त्याची सोरा आणि एश्ताओल ही दोन्ही गावं इथेच आहेत, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सोराच्या टेकडीवर एक थडगं आहे, ते शिमशोनाचं आणि त्याचे वडील मानोआ यांचं असं लोक मानतात आणि मेणबत्त्या लावतात. जाफा ते जेरुसलेम ही १८९२ साली सुरू झालेली रेल्वे याच खोऱ्यातून नेली होती.

हिवाळ्यात हा भाग फार सुंदर दिसतो. केरेन कायेमेतने लावलेले पाइन, त्यांच्या खाली खडकांच्या फटीतून रकेफेतची गुलाबी फुलं, शवातच्या सुमारास बदामाला मोहोर. उन्हाळ्यात मात्र सगळं पिवळं आणि काटेरी. आमच्या कुंपणाच्या मागे नाखाल आहे, म्हणजे पावसापुरता वाहणारा ओढा. त्याच्या दोन्ही काठांना झुडपं आहेत आणि त्या झुडपांत आमचे शेजारी राहतात.

पहिल्याच रात्री मी त्यांना ऐकलं. झोप लागत नव्हती. नव्या जागी म्हातारपणी लागत नाही. बारा वाजता नाखालातून एकाने सूर लावला, मग दुसऱ्याने, मग साऱ्या टेकड्यांतून कोल्हेकुई सुरू झाली. मी अंथरुणात उठून बसले. एकावन्न वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. लोदमध्ये विमानं ऐकली, भांडणं ऐकली, पण कोल्हेकुई नाही. आणि मला माझी आजी आठवली.

आमचं घर रेवदंड्याजवळ होतं. आजोबांच्या वेळी घरी तेलाचा घाणा होता. माझ्या आठवणीत त्याचं लाकडी बूड तेवढं अंगणात राहिलं होतं आणि दिवसभर कोंबड्या त्यावर चढून बसत. मागीलदारी खुराडं होतं, जांभ्याच्या दगडांचं, कमरेइतकं उंच, वर कौलं. तोंडाला एक फळी आणि फळीला टेकवून फुटका वरवंटा. खुडूक कोंबडी आणि तिची पिल्लं मात्र घरात, पडवीच्या कोपऱ्यात डालग्याखाली. दिवसा घार आणि मुंगूस, रात्री कोल्हा, रानमांजर आणि उदमांजर, असे कोकणात पाहुण्यांना तोटा नव्हता. दिवेलागणीला आजी ओटीवरून हाक मारायची, "कोंबड्या झाकल्या का गो?" कुणीतरी "झाकल्या" म्हणेपर्यंत ती कंदिलाची वात वर करायची नाही. नुसतं "हो" म्हटलेलंही तिला पुरत नसे. तिला कमी दिसायचं, म्हणून ती स्वतः खुराड्यात हात घालून एकेकीच्या पाठीला हात लावून मोजायची. अंधारात कोंबडी गप्प बसते, हलत नाही. "सात झाल्या, आठवी कुठाय?" आठवी मिळेपर्यंत आम्हा पोरांना जेवण नाही.

१९६८ साली अकरावीची परीक्षा देऊन मी आईवडिलांबरोबर इस्रायलला आले. आजी तिथेच राहिली. खुराडं, डालगं, खुडूक हे शब्दसुद्धा पुढे पन्नास वर्षं माझ्या तोंडी आले नाहीत.

२०२० साली कोरोनात सगळे घरी बसले. नातीची शाळा बंद. तेव्हा जावयाने अंगणात लूल बांधली आणि नऊ कोंबड्या आणल्या. हिब्रूत कोंबड्यांच्या खुराड्याला लूल म्हणतात आणि लहान बाळाला ठेवायच्या कठड्यालाही लूलच म्हणतात. मला हे आवडतं. दोन्हीत जीव सुरक्षित ठेवायचा असतो. नातीने सगळ्यांना नावं ठेवली. तपकिरी ती शोको, पिवळी ती लिमोन, आणि एक फार आरडाओरडा करायची तिला तिने माझं नाव दिलं. सकाळी दाणा घालायचं काम नातीचं, संध्याकाळी दार लावायचं काम माझं. सकाळी चहाच्या आधी कोंबड्यांना घालायचं हे मात्र मी तिला बजावून सांगितलं. जनावराला घातल्याशिवाय आपण खाऊ नये ही आपल्या धर्माची शिकवण आहे, आणि माझी आजीही तेच करायची.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं. आता त्या शुक्रवारचं सांगते.

डिसेंबर २०२२. हिवाळ्यात इथे सूर्य साडेचारच्या थोडं पुढे मावळतो. शब्बाथचे दिवे त्याआधी लावायचे असतात, आणि कोंबड्या मात्र सूर्य मावळल्यावर दहा वीस मिनिटांनी आपण होऊन आत जातात. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या वेळेचा मेळ बसत नाही. दर शुक्रवारी मी दिवे लावून, थोडं थांबून मग मागे जाऊन दार लावायचे. त्या दिवशी पाऊस होता, पाहुणे होते, चिक्-चा-हलव्याचं ताट टेबलावर ठेवायचं राहिलं होतं. मी कोट घालून दारापर्यंत गेले, कुणीतरी मला आतून हाक मारली, मी मागे वळले. पुढचं मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी समजून चालले की दार लावलं.

सकाळी नात दाणा घेऊन गेली आणि तशीच परत आली. रडत नव्हती. नुसती म्हणाली, "सावता, ये."

चार गायब होत्या. तीन आत पडलेल्या होत्या, मानेजवळ चावलेल्या, खाल्लेल्या नव्हत्या. दोन जिवंत, लिमोन आणि एक काळी, अंड्यांच्या पेटीच्या वर छपराला चिकटून बसलेल्या. पिसांची रेघ कुंपणाखालून नाखालाकडे गेली होती. दार सताड उघडं होतं.

नातीने विचारलं, "दार कुणी उघडलं?" आणि मी म्हटलं, "कडी निसटली असेल. कुत्र्याने ढकललं असेल." चाळीस वर्षं मी नर्स होते. औषध चुकलं तर त्याच क्षणी सांगायचं, लपवलेली चूक माणूस मारते, हे मी नव्या मुलींना शिकवलं. आणि सात कोंबड्यांसाठी मी नऊ वर्षांच्या मुलीशी खोटं बोलले. का? कोंबड्यांची भीती नव्हती. मला वाटलं, आता मुलगी म्हणेल की आईला विसर पडू लागला. आज दार विसरली, उद्या गॅस विसरेल. मग स्वयंपाकघर बंद, मग नातीला सांभाळायला मला ठेवणार नाहीत, मग घरात बाई ठेवतील. आमच्या वयाच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको.

पण कुत्रा म्हटलं की कुणाचा तरी कुत्रा असतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत, मोरोक्कोचे, त्यांचा मोठा पांढरा कुत्रा आहे. दुपारपर्यंत मुलगी आणि जावई ठरवून बसले की त्यांचाच कुत्रा, आणि शब्बाथ संपला की जाऊन बोलायचं. मी दिवसभर काही खाल्लं नाही. हवदाला झाल्यावर मुलगी चपला घालू लागली तेव्हा मी म्हटलं, "थांब. दार मी लावलं नव्हतं." घर गप्प झालं. मुलगी काही बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. मग नात म्हणाली, "मग तू मला सकाळी का नाही सांगितलंस?" याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "भ्याले ग."

शेजाऱ्याकडे मी स्वतः गेले आणि त्यांच्या कुत्र्यावर आळ घेतला होता हेही सांगितलं. त्यांना राग आला नाही. चाळीस वर्षं त्यांनी मोशावात अंड्यांचा धंदा केला होता. ते बॅटरी घेऊन आले, लूलभोवती फिरले आणि मला शिकवू लागले. त्यांच्याकडून आणि नंतर अनुभवाने जे कळलं ते असं.

कोंबडी अख्खी गायब आणि पिसांची रेघ बाहेर गेलेली असेल तर कोल्हा किंवा खोकड. आपण मराठीत दोघांनाही कोल्हा म्हणून मोकळे होतो, पण हिब्रूत कोल्हा तो तान आणि खोकड तो शुआल. तान मोठा, आठ ते दहा किलोचा, बहुधा जोडीने किंवा कुटुंबाने येतो. शुआल लहान, एकटा येतो. शिमशोनाने तीनशे शुआलांच्या शेपट्यांना मशाली बांधल्या असं शास्त्रात आहे. इतके शुआल एकत्र सापडणं कठीण, म्हणून काही विद्वान म्हणतात की ते तानच असावेत. आमच्या मोशावातल्या लोकांना याबद्दल शंका नाही. आत शिरलेला जनावर फडफड ऐकून बिथरतो आणि हाताला लागेल तिला चावत सुटतो, म्हणून काही नेतो आणि काही टाकून जातो. तो दुष्ट म्हणून नव्हे. एरवी कोंबड्या उडून पळतात, खुराड्यात पळायला जागा नसते.

डोकं किंवा मान तेवढी खाल्ली, बाकी धड तसंच, तर मुंगूस किंवा घुबडासारखा पक्षी. मुंगूस इथला मोठा असतो, दोन-तीन किलोचा, आणि तो दिवसाढवळ्या येतो. म्हणून रात्री दार लावलं की काम संपलं असं नाही. अंडं फोडायची त्याची रीत बघण्यासारखी आहे. अंडं पुढच्या पायांत धरून मागच्या पायांमधून दगडावर फेकतो. लूलच्या बाजूला दगडाशी टरफलं दिसली तर तो येऊन गेला. अंडं टरफलासकट नाहीसं झालं तर साप. आणि रोज एखादं अंडं कमी, दाणा भराभर संपतो, कोपऱ्यात लेंड्या, तर उंदीर. उंदरांमागून साप येतात, म्हणून पहिला बंदोबस्त उंदरांचा.

दुसऱ्या दिवशी मोशावातल्या आणखी एका माणसाने सांगितलं, "कशाला एवढं? मेलेल्या कोंबडीत थोडं विष घालून नाखालात टाक. आठवड्यात शांत." त्याच्याकडे शेतातलं कीटकनाशक होतं, द्यायला तयार होता. मी नाही म्हटलं. धर्म किंवा दया याच्या आधी मला दोन रोगी आठवले. तातडीच्या विभागात असताना असल्याच औषधाने विषबाधा झालेले आणले होते, एक शेतमजूर आणि एक लहान मुलगा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, आणि आम्ही अट्रोपिन देतोय, देतोय. मुलगा वाचला. मजूर वाचला नाही. विष टाकणाऱ्याला कोण उचलेल हे ठाऊक नसतं. कुत्रा उचलेल, घार उचलेल, खेळणारं पोर उचलेल. २०१९ च्या मे महिन्यात गोलानमध्ये आठ गिधाडं विषबाधेने मेली, ती काही कुणी गिधाडांसाठी विष ठेवलं नव्हतं. शिवाय १९५५ च्या कायद्याने इथे रानटी जनावरांना संरक्षण आहे, परवानगीशिवाय मारता येत नाही. आणि १९६४ च्या सुमारास सरकारनेच विषारी आमिषं टाकून देशभरातले कोल्हे जवळजवळ संपवले होते. तरी आज नाखालात कोण ओरडतंय? जिथे कोंबड्यांच्या धंद्यातला मेलेला माल उघड्यावर टाकला जातो तिथे कोल्हा वाढणारच. शेतातले उंदीर खातो तोही तोच.

नर्स म्हणून आणखी एक सांगते. कोल्हा, खोकड, मुंगूस, भटका कुत्रा यांना कधी कोंडून किंवा हाताने पकडू नका, मेलेल्यालाही उघड्या हाताने उचलू नका. रेबीज या देशात अजून आहे. २०१७-१८ साली उत्तरेच्या खोऱ्यांत कोल्ह्यांत त्याची मोठी साथ आली होती. १९९८ पासून सरकार विमानातून लस भरलेली आमिषं रानात टाकतं, त्याने पुष्कळ फरक पडला, पण संपला नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी आरोग्य खात्याच्या कचेरीत किंवा हॉस्पिटलात जायचं. माझ्या लहानपणी गावात एकाला पिसाळलेला कोल्हा चावला होता, त्याला पोटात, बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. आता दंडात घेतात आणि थोडीच असतात. घाबरून टाळू नये. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर मग कुणीच काही करू शकत नाही.

आता लूल कशी दुरुस्त केली ते सांगते. आमच्याकडे आधी षटकोनी भोकांची पातळ जाळी होती, कोंबड्यांची जाळी म्हणून विकतात ती. ती कोंबडीला आत ठेवते, पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी तुटते आणि मोठ्या भोकातून पंजा आत येतो. ती काढून वेल्डिंग केलेली चौकोनी लोखंडी जाळी लावली, भोक अर्ध्या इंचाचं, म्हणजे साधारण तेरा मिलिमीटर. एवढ्यातून मोठा उंदीरही जात नाही. महाग पडली, पण एकदाच. नुसत्या खिळ्यांनी न ठोकता पट्ट्या आणि स्क्रूने आवळली.

कोल्हा खणतो, आणि खणायला सुरुवात तो नेहमी भिंतीला लागूनच करतो. म्हणून भिंतीच्या तळापासून बाहेरच्या बाजूला अर्धा मीटर जाळी जमिनीवर आडवी पसरली, खिळे मारून वर माती आणि दगड टाकले. जावई त्याला काहीतरी हिब्रू नाव सांगत होता, मी त्याला म्हटलं, हा पदर. साडीचा पदर जसा बाहेर पसरतो तसा. पुढच्या पावसात त्या पदरावर खणल्याच्या खुणा दिसल्या, चार बोटं माती उकरली होती, खाली जाळी लागली आणि सोडून गेला. मागे सरकून खणायचं त्याला सुचलं नाही.

दिवसा फिरायच्या जागेवर वरूनही जाळी घातली. वर्षातून दोनदा सुमारे पन्नास कोटी पक्षी या देशावरून जातात, त्यांत शिकारी पक्षी पुष्कळ. आणि इथले करडे कावळे अंडी आणि पिल्लं सोडत नाहीत. वरच्या जाळीचा दुसराही उपयोग आहे. रानटी पक्षी दाण्यापाण्यात येऊन बसत नाहीत. २०२१ च्या शेवटी बर्ड फ्लूने हुला खोऱ्यात हजारो क्रौंच पक्षी मेले आणि सीमेवरच्या मर्गालियोतमध्ये लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे वाचकांना आठवत असेल. म्हणून दाणा नेहमी छपराखाली, आणि पिंप पत्र्याचं, झाकणाला पकड असलेलं. रात्री दाणा बाहेर ठेवायचा नाही. अंडी रोज उचलायची.

लूल जमिनीपासून दोन वीट उंच केली म्हणजे खाली उंदीर आणि साप दडत नाहीत आणि वाकून बघता येतं. मात्र चोराच्या भीतीने पेटी बंद करून टाकू नये. इथला उन्हाळा सोपा नाही, आणि हमसिनमध्ये कोंडलेली कोंबडी कोल्ह्याशिवायच मरते. वरच्या बाजूला चारी अंगांनी खिडक्या ठेवल्या आणि त्यांना तीच बारीक जाळी. दाराला दोन कड्या, एक साधी आणि एक गिर्यारोहक वापरतात तसल्या आकड्याची. लुकलुकणारे दिवे, केस, उग्र वासाचं पाणी हे सगळं लोक सांगतात. आम्ही दिवा लावून बघितला. चौथ्या रात्री कोल्हा त्याच्या उजेडात बसून खाजवत होता.

शेवटी जावयाने आपोआप बंद होणारं दार आणलं, उजेड कमी झाला की खाली येतं. शुक्रवारची अडचण त्याने सुटते, आधीच लावून ठेवलेल्या शब्बाथच्या घड्याळासारखं. मला ते आधी आवडलं नाही. वाटलं, माझ्यावरचा विश्वास गेला. पण तिसऱ्याच आठवड्यात दार वेळेवर पडलं आणि लिमोन बाहेर राहिली. दाराला मोजता येत नाही. तेव्हा घरात ठरलं की दार यंत्राने लावावं आणि मोजायचं काम सावताने करावं.

मी मात्र माझी वॉर्डातली पद्धत सुरू केली आहे. स्वयंपाकघराच्या दारावर एक खिळा, त्यावर एक पाटी. एका बाजूला लाल, एका बाजूला हिरवी. मोजून, दोन्ही कड्या हाताने ओढून बघून आल्यावरच हिरवी करायची. बाजूला वही, तारीख, वेळ, किती कोंबड्या, किती अंडी. शब्बाथला लिहायचं नसतं म्हणून त्या दिवशी वहीत कपड्यांचा चिमटा लावते. दवाखान्यात जाऊन माझी तपासणीही करून आले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, जे मी स्वतः कित्येक म्हाताऱ्यांना काढायला सांगितलं होतं. "वयाच्या मानाने ठीक" असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या वाक्याचा अर्थ मला ठाऊक आहे. पण मुलीने स्वयंपाकघर बंद केलं नाही, आणि नातीलाही माझ्याकडेच ठेवते. वहीत बघते तर नंतरच्या काळात दोनदा पाटी लाल राहिलेली आहे, आणि दोन्ही वेळा कुणीतरी बघून मला सांगितलं. त्याचसाठी ती पाटी आहे. एका माणसाच्या लक्षात राहण्यावर कोंबड्यांचा जीव ठेवू नये. माझी आजी ओटीवरून सगळ्यांना ओरडून विचारायची ते उगाच नव्हे.

नवीन सात आणल्या, पुन्हा नऊ झाल्या. आज शहात्तराव्या वर्षी माझं संध्याकाळचं फिरणं म्हणजे एवढंच. लिंबाच्या झाडापर्यंत, मग लूल, मग कुंपण. सोराच्या टेकडीमागे सूर्य जातो, कोंबड्या एकेक करून फळीवर चढतात, जागेवरून थोडं भांडतात आणि गप्प होतात. मी जाळीच्या दारातून हात घालून पाठीला हात लावून मोजते. डोळे अजून चांगले आहेत, तरी हातानेच मोजते. नाखालातून पहिला सूर येतो. नातीला मराठी येत नाही, तिच्या आईनेच तिला शिकवली नाही, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण अंधार पडला की ती खिडकीतून ओरडते, "सावता, कोंबड्या जाकल्या का?" झ तिला जमत नाही.

ज्यांना लूल बांधायची आहे त्यांनी बांधण्याआधी एकदा येऊन बघून जावं. अंडी देईन, चहा देईन, पाइनच्या रानात फिरवून आणीन. हिवाळ्यात येणार असाल तर चारच्या आत या. नंतर मी कामात असते.